रिकाम्या बाटलीचें मोल

नवी वस्तु दुकानांतून घरीं आली कीं तिची किंमत उतरूं लागते, हा व्यवहारांतील नियम लहान मुलासहि ठाऊक असतो. काल शंभराला घेतलेली वस्तु आज विकावयास काढली तर ऐंशी मिळत नाहींत. पांच वर्षांनीं ती फुकट देऊं म्हटलें तर घेणारा आपल्यावरच उपकार केल्यासारखा चेहरा करितो. आणि पुढें एक दिवस ती माळ्यावर, माळ्यावरून परसांत व परसांतून भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. परंतु ह्या उतरणीलाहि कोठेंतरी तळ असतो. त्या तळापाशीं जी वस्तु फुटल्यामोडल्यावांचून तग धरून राहते, तिची किंमत पुन्हां चढूं लागते, ही गोष्ट मात्र व्यवहारी मनुष्यास नेहमीं चमत्कारिक वाटते. आजोबांनीं ज्या बाटलीकडे ढुंकून पाहिलें नाहीं, तिच्यासाठीं नातवाच्या दारांत पुण्याहून मोटार येऊन उभी राहते. बाटली तीच, रिकामी ती तेव्हांहि होती व आतांहि आहे. मग मधल्या काळांत तिच्यांत काय भरलें गेलें?

पहिलें उत्तर सर्वांच्या जिभेवर असतें: जुनें तें सोनें. काळ लोटला म्हणून मोल आलें. परंतु हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. शिरुरास घोडनदीच्या पात्रांत उतरून काळ्या दगडाचा एखादा गोटा उचलून पाहावा. दख्खनचा हा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा आहे असें भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. इतकी वडीलधारी वस्तु दुसरी कोणती? तरीहि त्याची खडी करून ती ब्रासाच्या मापानें विकतात, आणि त्यांतील एकाहि गोट्याला कोणी कपाटांत मांडून ठेवीत नाहीं. दुसरें उत्तर दुर्मिळतेचें: जें थोडें तें महाग. ह्यांत पहिल्यापेक्षां अधिक तथ्य आहे, पण तेंहि पुरें नाहीं. आमच्या घरांतील एका चिरंजीवांनीं भिंतीवर कोळशानें काढलेला हत्ती जगांत एकुलता एक आहे. तथापि त्याचें मोल भिंतीला पुन्हां चुना द्यावयास लागणाऱ्या खर्चाइतकें, व तेंहि खर्चाच्याच बाजूचें. तिसरें उत्तर रूपाचें. परंतु जुन्या बाजारांत कित्येकदां देखणी वस्तु पडून राहते व ओबडधोबड वस्तूसाठीं चढाओढ लागते. तेव्हां वय, दुर्मिळता व रूप हीं तिन्ही मोलाला हातभार लावीत असलीं, तरी मोलाचा जीव आणखी कोठेंतरी असला पाहिजे. तो शोधण्यास आमचा शिरूर-दौंडाचा मुलूख फार सोयीचा आहे, म्हणून वाचकांस आम्ही थोडा वेळ तिकडे नेतों.

आमचें घर शिरुराचें. जुन्या लोकांच्या तोंडीं ह्या गांवाचें नांव घोडनदी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून येथें इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन ह्याची पलटण कोरेगांवाकडे निघाली ती येथूनच, आणि दुसऱ्या दिवशीं भीमेच्या कांठीं झालेली लढाई सर्वांस माहीत आहे. त्याच १८१७ सालीं उभारलेल्या पुणें हॉर्स ह्या घोडदळाचें ठाणेंहि पुढें दीर्घकाळ येथें होतें. जेथें गोऱ्या अधिकाऱ्यांची छावणी तेथें मद्य, औषध, शाई व सोड्याचें पाणी हीं आलींच. आणि हीं सर्व काचेंतून येत. आंतील पदार्थ संपला म्हणजे बाटली कांहीं विलायतेस परत जात नसे. ती खानसाम्याकडून बाजारांत व बाजारांतून आमच्यासारख्यांच्या घरांत येई. गोड्या तेलाला, मधाला, काकवीला, पुढें रॉकेलला, आणि बूच घट्ट असेल तर काशीच्या गंगोदकालाहि ती चाले. जिच्यांत एके काळीं ब्रँडी होती तींत गंगोदक राहिलें, आणि सोवळेंओवळें कडक पाळणाऱ्या घरांनींहि तिच्या पूर्वाश्रमाची फारशी चौकशी केली नाहीं. काचेला विटाळ नाहीं, ही सोयीची समजूत अशा वेळीं उपयोगी पडे.

ह्याच छावणींतील कर्नल वॉलेस १८०९ सालीं वारला. त्याची कबर शिरुरास आहे. १८८५ सालच्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नोंद आहे कीं, गांवचे व आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणत, आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढें ठेवीत. लष्करानें आपल्या अधिकाऱ्यासाठीं उभारलेल्या दगडाला शेतकऱ्यांनीं आपल्या श्रद्धेनें अगदीं दुसरें मोल दिलें. दगड बदलला नाहीं; त्याच्याभोंवतीं जमलेलीं माणसें व त्यांच्या आठवणी बदलल्या.

दौंडास बाटल्या आल्या त्या आगगाडीनें. १८५८ च्या अखेरीस पुण्यापुढील लोहमार्ग दिकसाळपर्यंत खुला झाला आणि भीमेकांठचें दौंड गाडीच्या वाटेवर आलें. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग झाला व दौंडाचें जंक्शन बनलें. जंक्शन म्हणजे वाट पाहणाऱ्या माणसांचें गांव. एक गाडी सोडून दुसरीची वाट पाहतांना उतारू तहानेला होतो, आणि तहानलेल्या उतारूच्या हातीं बाटली देणारा मनुष्य तेथें उभा राहतोच. त्यांत रेल्वेच्या नोकरांच्या चाळी, अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांचीं बिऱ्हाडें व दवाखान्यांतील औषधें यांची भर पडली. अशा रीतीनें एकाच जिल्ह्याच्या ह्या दोन गांवांच्या माळ्यांवर, एकींत घोड्यावरून व दुसऱ्यांत गाडीवरून, परक्या मुलुखाची काच येऊन साठली.

बाटली वाचावयाची असते, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. तिच्या अंगावर अक्षरें नसलीं तरी ती आपली जन्मकथा सांगते. बाटली उजेडाकडे धरून तिच्या कडेची उभी रेघ पाहावी. दोन पाखांचा सांचा मिटला म्हणजे काचेवर ही सांध्याची रेघ उमटते. ती मानेपाशींच थांबत असेल, तर बाटलीचें तोंड कारागिरानें मागाहून हातानें घडविलें आहे असें समजावें. थेट ओठापर्यंत गेली असेल तर बाटली बहुधा यंत्राची. अमेरिकेंत मायकेल ओवेन्स यानें १९०३ च्या सुमारास बाटल्या करण्याचें स्वयंचलित यंत्र सिद्ध केलें, आणि त्यानंतर फुंकणाऱ्या कारागिराचा श्वास बाटलींतून हळूहळू नाहींसा झाला. रेघ मुळींच नाहीं आणि बुडाशीं खरखरीत वण आहे, तर ती आणखी जुनी असण्याचा संभव. फुंकून झालेली बाटली धरण्यासाठीं तिच्या बुडाला लोखंडी कांब चिकटवीत व शेवटीं ती तोडून काढीत, त्याची ती खूण. काचेंतील बुडबुडे, एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ अंग, किंचित् कलती मान, हीं सर्व हातकामाचीं चिन्हें होत. रंगहि बोलतो. वाळूंत लोखंडाचा अंश असला कीं काच हिरवट होते. ती पांढरी दिसावी म्हणून पूर्वीं मँगनीज घालीत, आणि अशी काच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली म्हणजे जांभळट होते. गडद निळा रंग कोबाल्टचा. निळ्या बाटलीच्या अंगावर उभे कंगोरे असले तर तींत बहुधा विषारी औषध असे. अंधारांत हात घातला तरी बोटांना कळावें, ही त्यांतील योजना. जमिनींत गाडून राहिलेल्या काचेंतील क्षार ओलाव्यानें निघून जातो व तिच्यावर इंद्रधनुष्याची झांक येते. हौशी मंडळी ती पाहून हरखतात. परंतु ती काचेच्या झिजेची खूण आहे, जशी म्हाताऱ्याच्या डोळ्यांतील पांढरी झांक.

ह्या सर्वांत आमच्या लोकांच्या जिव्हाळ्याची बाटली म्हणजे गोटी सोड्याची. हायरम कॉड नांवाच्या इंग्रजानें १८७२ च्या सुमारास ती पूर्णत्वास नेली. बाटली उलटी धरून सोडा भरीत. आंतील वायूच्या दाबानें काचेची गोटी मानेंतील रबरी कड्यावर घट्ट बसे आणि बुचाचें काम तीच करी. लांकडी खुंटीनें तिला आंत ढकललें कीं फस्सकन् आवाज होऊन ती मानेखालच्या कोंडींत पडे, व ओततांना पुन्हां तोंडाशीं येऊं नये म्हणून बाटलीच्या गळ्याला दोन चिमटे घेतलेले असत. मुंबईंत पालनजींनीं १८६५ सालीं व पुण्याच्या लष्करांत अर्देशीरांनीं १८८४ सालीं सोड्याचे कारखाने काढले. पुढें गोटीची बाटली गांवोगांवच्या बाजारांत व जत्रांत पोंचली. अशा बाटल्या आपल्या देशांत सहस्रावधि होऊन गेल्या असल्या पाहिजेत. मग अखंड जुनी बाटली आज इतकी विरळा कां? गोटीच्या लोभानें मुलांनीं त्या फोडल्या, हें त्याचें एक सरळ कारण. जें सर्वांजवळ असतें तें कोणीच जपत नाहीं. राजाची तरवार उरते, शेतकऱ्याचा विळा उरत नाहीं. लग्नांतला शालू उरतो, रोजचें धुडकें उरत नाहीं. म्हणून शंभर वर्षांपूर्वींच्या साध्या घराची सकाळ कशी होती हें समजावयास जितकी अडचण पडते, तितकी दरबार कसा भरत असे हें समजावयास पडत नाहीं.

परंतु दोन बाटल्या सारख्याच जुन्या व सारख्याच विरळा असल्या, तरी त्यांचें मोल आपणांस सारखें वाटेल असें नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें. आणि त्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला. पुढें १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला, व त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील पडव्यांत लोंबूं लागला. ह्या कारखान्यांच्या आरंभींच्या काळांतील एखादी जाडीभरडी बरणी आणि विलायतेची नितळ निळी कुपी शेजारीं ठेवल्या, तर परदेशांतील संग्राहक कुपी उचलील. आम्ही बरणी उचलूं. तिच्यांत ज्यांनीं पैसा दिला त्या अनोळखी घरांचा वांटा आहे. मात्र ती बरणी तळेगांवची आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याच्या दृष्टीनें ती लोणच्याची फुटकी बरणी होय. म्हणजे मोल काचेंत नसून काचेविषयींच्या ज्ञानांत आहे, असें म्हणण्याची पाळी येते.

ह्या ज्ञानालाच आम्ही साक्ष म्हणतों. त्याचा अर्थ नीट ध्यानांत यावा म्हणून घोडनदीच्या कांठानें थोडें खालीं जाऊं. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या विद्वानांच्या श्रमांनीं तेथें ख्रिस्तपूर्व सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांचें गांव उजेडांत आलें. मिळालें काय? मडकीं, खापरें, चुली, धान्याचे जळके दाणे, हाडें. बाजारांत ह्यांना कोणी विचारणार नाहीं. परंतु प्रत्येक खापर कोणत्या घरांत, कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं सांपडलें याची टिपणें ठेविलीं होतीं, आणि त्या टिपणांमुळें खापरें बोलूं लागलीं. लहान मुलांना दोन रांजण तोंडाशीं तोंड लावून त्यांत पुरीत व तेंहि घराच्या जमिनीखालीं, हें कळलें. प्रौढांना पुरतांना त्यांचे पाय घोट्याखालीं तोडीत, हें कळलें; आणि चार पायांच्या एका मातीच्या रांजणांत बसविलेल्या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते, त्यावरून तो गांवांतील कोणी मोठा मनुष्य असावा असा तर्क करतां आला. एका घराच्या जमिनीखालीं झांकणाच्या मातीच्या पेटींत शिर नसलेली देवीची मूर्ति व तिच्यासोबत बैल मिळाला. हीच मूर्ति कोणी रात्रीं खणून बाजारांत आणली असती, तर ती मोडकें खेळणें ठरली असती. तीन हजार वर्षें जमिनीनें जपलेली साक्ष एका फावड्याच्या घावांत नाहींशी होते, आणि मग ती जगांतील कोणत्याहि धनिकाला विकत घेतां येत नाहीं.

ही गोष्ट आमच्या मराठी मुलखांत ज्यांना लवकर उमगली, त्यांचें स्मरण येथें केल्यावांचून राहवत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं जुने कागद धुंडाळीत गांवोगांव पायपीट केली. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' याचा पहिला खंड निघाला व पुढें त्याचे बावीस खंड झाले. ज्या घरांत ते कागद होते त्या घरांना ते वाळवीच्या व बंबाच्या उपयोगाचे वाटत होते. कागदाचें जें कार्य राजवाड्यांनीं केलें, तेंच दिनकर केळकर यांनीं घरगुती वस्तूंचें केलें. 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहिणारे हे गृहस्थ १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमवूं लागले. अडकित्ते, दिवे, दौती, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरांतील भांडीं अशा सुमारें वीस हजार वस्तु त्यांनीं मिळविल्या. अकालीं निधन पावलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्यांनीं त्या संग्रहास दिलें, आणि १९७५ सालीं तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यास तो पाहतांना आम्हांस नेहमीं वाटतें कीं, एकटा अडकित्ता मुका असतो. शंभर अडकित्ते ओळीनें मांडले म्हणजे ते आपसांत बोलूं लागतात व आपणांस तें ऐकूं येतें.

जेथें साक्ष नाहीं तेथें बाजार अफवेवर चालतो, आणि अफवेचा व्यापार आमच्या भागांत जोरांत आहे. पानिपतावरून परत आलेल्या म्हणून ज्या तरवारी आज घरोघर दाखविण्यांत येतात, त्या सर्व खरोखरच तेथें असत्या तर त्या लढाईचा निकाल निराळा लागता. ही थट्टेची बाजू झाली. दुसरी बाजू दु:खाची आहे. रामदरबाराचें चित्र व ईस्ट इंडिया कंपनीचें नांव असलेलें, १८१८ सालचें म्हणून एक नाणें दाखविलें जातें व त्याला लाखांची किंमत सांगतात. व्यवहारासाठीं असें नाणें कंपनीनें पाडलेलें नाहीं. तांदूळ ओढून घेणारें तांब्याचें भांडें, म्हणजे लोक ज्याला राइस पुलर म्हणतात तें, मिळवून देतों म्हणून शेतकऱ्यांना गंडविल्याच्या बातम्या महाराष्ट्रांत वारंवार येतात. ज्याची जमीन गहाण पडते तो लोभी असतो असें नाहीं. घरांतील एखादी विसरलेली वस्तु आपलें दैन्य फेडील ही आशा फार जुनी व फार मानवी आहे. तिच्यावर उपाय एकच: किंमत ऐकण्यापूर्वीं साक्ष विचारावी. वस्तु कोठें होती, कोणाची होती, हें कोण सांगतो व त्याला तें कसें ठाऊक? ह्या प्रश्नांपुढें ठक फार वेळ टिकत नाहीं. कायदाहि ह्याच दिशेनें गेला आहे. १८७८ च्या कायद्यानें जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांवरील पुरलेलें धन कलेक्टरास कळविणें भाग पाडलें. आणि १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांपेक्षां जुन्या कलावस्तु व पुरावशेष खासगी व्यापाऱ्यास देशाबाहेर नेण्यास बंदी केली.

शिवराईसारखें खरें नाणें घरांत असलें तरी त्याची साक्ष पुसून टाकण्यांत आमचे हात तत्पर असतात. सणाच्या आदल्या दिवशीं चिंच लावून तें लखलखीत करितात. अक्षरांच्या कडा जातात, जुना थर जातो, आणि जाणकार तें हातांत घेऊन नुसता उसासा टाकतो. स्वच्छतेची आवड चांगली. परंतु कांहीं मळ हा मळ नसून नोंद असते. ह्याचा अनुभव आम्हांस गेल्या वैशाखांत दौंडास आला.

दौंडास आमच्या आत्याबाईंचें घर. त्यांचें वय आज अठ्याऐंशी. यजमान रेल्वेंत होते, सासरेहि रेल्वेंतच. आमचे आतेभाऊ पुण्यास राहतात. आईला एकटें ठेवणें आतां शक्य नाहीं म्हणून घर विकावयाचें ठरलें व सामान काढण्यास आम्ही मदतीला गेलों. माळ्यावरून बाटल्या निघाल्या तीस-पस्तीस. आतेभावांनीं जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यास बोलाविलें होतें. गृहस्थ सभ्य व जाणता होता. त्यानें बाटल्या अंगणांत ओळीनें मांडल्या, एकेक उन्हांत धरून पाहिली, आणि कंगोऱ्यांच्या निळ्या बाटलीला आठशें व गोटीच्या अखंड बाटलीला पांचशें रुपये सांगितले. बाकीच्यांचे भाव किरकोळ. शेवटीं एक औषधाची चपटी बाटली उरली. पूर्वीं दवाखान्यांत जातांना बाटली घरून न्यावी लागे, आणि कंपाउंडर मात्रा कळाव्यात म्हणून कागदाच्या पट्टीला कात्रीनें खांचे पाडून ती बाहेरून चिकटवीत असे, हें आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. तशी सहा मात्रांची पट्टी हिला होती, आणि आंत औषध वाळून तिसऱ्या खांचेपर्यंत तांबूस राप बसला होता.

व्यापारी म्हणाला, "हिचे दहा रुपये, तेहि राप निघाला तर. सोड्याच्या पाण्यांत रात्रभर टाकून ठेवतों."

आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती धुवायची नाहीं."

कोणी कांहीं विचारलें नाहीं. थोड्या वेळानें त्या आपण होऊन बोलूं लागल्या. पानशेत फुटलें त्या वर्षींची, म्हणजे १९६१ ची गोष्ट. त्यांचा पहिला मुलगा चार वर्षांचा होता; त्याला मुदतीचा ताप आला. "सहा मात्रांचं औषध आणलं होतं," त्या म्हणाल्या. "तीन दिल्या." इतकेंच बोलून त्या थांबल्या, आणि मग आतेभावाकडे पाहून म्हणाल्या, "तुझ्या आधीचा. तुला सांगायचं राहूनच गेलं." आपल्या आधीं एक भाऊ होऊन गेला एवढें आतेभावांस ठाऊक होतें, त्याचा आजार, तो पावसाळा, ही बाटली, यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. साठीच्या घरांतला तो मनुष्य ती बाटली हातांत घेऊन कितीतरी वेळ खांचे मोजीत राहिला.

त्या दुपारीं व्यापाऱ्याला आम्हीं चहा दिला व थांबावयास सांगितलें. आतेभाऊ वही घेऊन आईजवळ बसले आणि एकेक बाटली पुढें करून विचारूं लागले. गोटीची बाटली सासऱ्यांनीं स्टेशनावरून आणली होती. एका उन्हाळ्यांत गाडी फार उशिरा आल्यामुळें सोडेवाल्यानें ती त्यांना दिली व ती परत करावयाची राहून गेली. उंच हिरवी बाटली रॉकेलची. तिचें बूच त्यांच्या लग्नाच्या वर्षीं हरवलें तें अद्याप हरवलेलेंच. एका लहान कुपींत सासूबाई नातवंडांसाठीं बाळकडू ठेवीत. निळी बाटली पुढें आली तेव्हां आत्याबाईंनीं ती फिरवून पाहिली व म्हणाल्या, "ही कुणाची कोण जाणे. मी आले तेव्हांपासून आहे." सर्वांत अधिक भावाची बाटली ती, आणि तिच्याविषयीं घरांत एक अक्षरहि नव्हतें. ती विकतांना कोणाच्याच मनाला कांहीं झालें नाहीं. गोटीची बाटली विकतांना मात्र व्यापाऱ्यानें आपण होऊन विचारलें, "ती लिहिलेली चिठ्ठी मला द्याल का? दोनशें वर देतों." ज्या साक्षीचें मोल आम्ही वर इतक्या लांबणीनें सांगत आलों, तें त्या मनुष्यानें एका वाक्यांत व रोख सांगितलें. औषधाची बाटली अर्थात् पुण्यास गेली, न धुतां.

येथें एक शंका कोणी काढील: अशी घरगुती आठवण ज्या घराची त्या घरापुरती; तिचा जगाला काय उपयोग? आम्हांस तसें वाटत नाहीं. एका जंक्शनच्या गांवीं १९६१ सालीं आजारी मुलाचें औषध कसें येई, किती येई, मात्रा कशी मोजीत, हें कोणत्याहि सरकारी अहवालांत इतकें स्पष्ट दिसणार नाहीं. इनामगांवच्या खापरांना मोल आलें तें अशाच तपशिलानें. फरक एवढाच कीं तेथें सांगणारें कोणी उरलें नव्हतें, म्हणून विद्वानांना पंधरा वर्षें खणावें लागलें. आमच्या घरांतून सांगणारीं माणसें अजून ओसरीवर बसलेलीं आहेत, आणि त्यांना विचारावयास फावडें लागत नाहीं. लागते ती थोडी सवड. आणि आजकाल घरोघर तिचीच टंचाई आहे. वस्तु माळ्यावर आणखी पन्नास वर्षें राहील, काच कुजत नाहीं. तिच्याविषयीं जें ठाऊक आहे तें मात्र एका माणसाच्या ठायीं आहे, आणि तें माणूस अठ्याऐंशी वर्षांचें आहे.

दिवाळीच्या आधीं घरोघर माळे उतरविले जातील व भंगारवाल्याची हांक ऐकूं येईल. सर्वच जुनें जपावें असा आमचा आग्रह नाहीं. घर हें राहण्यासाठीं असतें, संग्रहालय होण्यासाठीं नव्हे, आणि पुष्कळशा बाटल्या खुशाल द्याव्यात. परंतु देण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील माणसासमोर त्या एकदां मांडाव्यात. जी पाहून तें माणूस कांहीं बोलेल ती बाजूस काढावी, आणि एका कागदावर लिहावें: वस्तु कोणाची, कोठून आली, सुमारें केव्हां, हें कोणीं सांगितलें, कोणीं लिहिलें व कोणत्या तारखेस. पाहिलेलें असेल तर पाहिलेलें म्हणावें, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणावें. शोभेसाठीं पेशव्यांना मध्यें आणूं नये. चिठ्ठी बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानें बांधावी. डिंकानें चिकटवूं नये, डिंकाला कसर लागते.